निम्मा युरिया

विश्वंभरराव दहा वर्षं सेंद्रिय शेतीवर भाषणं ठोकत होते. त्यांच्या स्वतःच्या रानात मात्र दाखवण्याजोगं काही पिकत नव्हतं. यंदा त्यांना शेवंताबाईंचे टपोरे, वासाचे धने सापडले. त्यांनी तालुक्याच्या मेळाव्यात सेंद्रिय शेतीच्या पुरस्कारासाठी बाईंना व्यासपीठावर चढवलं, त्यांच्या अंगावर शाल घातली आणि गर्जना केली, "रसायनाचा एक कणही न घालता हे धने पिकलेत!"

"घातलाय की," शेवंताबाई माईकपाशी म्हणाल्या. "शेणखत तर घातलंच, आन् युरिया बी घातला. निम्मा."

विश्वंभररावांनी झटकन माईक हाताने झाकला. "बाई, गप्प बसा. पुरस्कार जाईल तुमचा."

शेवंताबाई चपापल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर मानाची शाल पडली होती. पण समोर त्यांची धाकटी जाऊ बसली होती. मागच्या वर्षी याच माणसाचं भाषण ऐकून तिने युरिया एकदम बंद केला, आणि तिचे धने वीतभर वाढून पिवळे पडले. तेव्हा हेच विश्वंभरराव तिला म्हणाले होते, "तुमची श्रद्धा कमी पडली."

शेवंताबाईंनी शाल उतरवून त्यांच्या हातात दिली आणि माईकशिवायच खणखणीत आवाजात सांगितलं, "लिहून घ्या गं! एकराला चार गाड्या कुजलेलं शेणखत, पेरणीआधी. युरिया पोतंभर टाकायचो, तो आता अर्धंच पोतं. त्यो बी दोनदा विभागून."

मांडवात कागद शोधायची धांदल उडाली. धाकटी जाऊ उठून थेट व्यासपीठापाशी आली आणि विश्वंभररावांना म्हणाली, "सायेब, जरा पेन द्या."