करकोचा दिसला की

आमच्याकडची रीतच आहे, एक मार्चला मनगटावर बांधलेला लाल-पांढरा धागा पहिला करकोचा दिसला की सोडायचा आणि फुललेल्या झाडाला बांधायचा. एप्रिल अर्धा सरला, लेकीच्या वर्गातल्या सगळ्यांची मनगटं मोकळी झाली. आमच्या रालित्साचा धागा मात्र मळून काळा पडला तरी हातावरच.

शाळेच्या वाटेवर विजेच्या खांबावर करकोच्यांनी घरटं केलंय. तिथं आलं की ही मान खाली घालते, ती थेट फाटकापर्यंत.

आज मी चिडलेच. "अगं, वर बघ जरा! केवढा करकोचा बसलाय!"

"सांगू नकोस ना गं आई!" तिनं कान झाकले. "मी पाहिलाच नाहीये अजून."

"पाहा की मग. धागा सोडू, नवा घेऊ हवा तर."

"ही बाबानं मारलेली गाठ आहे. सोडली की तू कितीही बांधलीस तरी ती तुझीच होणार."

गाठ मारून त्याच दुपारच्या बसनं तो जर्मनीला कामावर गेला होता. आता नाताळलाच येणार.

डोक्यावर चोचींचा खडखडाट चालला होता. तिचा हात धरून मीही बुटांकडे बघत चालू लागले.