ओट्यामागची भिंत

“काच नको,” बाई म्हणाल्या, आणि घड्याळवाल्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चेहरा मात्र त्यांनी शक्य तितका पडलेला ठेवला.

“का हो? पुसायला किती सोपी!” दुकानदार म्हणाला.

“काच लावली तरी मागे भिंत ती भिंतच दिसणार.”

त्याने डोक्याला हात लावला. ओट्यामागच्या हातभर भिंतीसाठी या दोघांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते. स्टीलचा पत्रा बाईंनी नाकारला, कारण त्यात माणूस वाकडा दिसतो. काळा दगड नाकारला, कारण त्याच्यावर तेलाचे शिंतोडे दडून बसतात, आणि दडून बसणाऱ्यांवर बाईंनी शाळेत जन्मभर डोळा ठेवला होता. फुलाफुलांच्या टाइल्स तर त्यांनी हातातही घेतल्या नाहीत. दर नकाराला घड्याळवाले हळहळायचे आणि दुकानाबाहेर पडताना शीळ घालायचे.

कारण टाइल ठरली की सगळं संपणार होतं. गवंडी ती लावणार, भिंत चकाचक होणार, आणि मग बाईंनी त्यांच्याकडे यायचं तरी कशाला? दोघांची घरं एकाच छपराखाली, दारं शेजारी शेजारी. दोघंही एकेकटी. इतकी वर्षं बोलणं काय, तर “पेपर आला का?” आणि “आला.” मग एके दिवशी घड्याळवाल्यांच्या ओट्यामागची एक टाइल निखळून पडली. बाई बघायला आल्या, ओट्याला टेकून चहा प्यायल्या, खळखळून हसल्या आणि जाताना म्हणाल्या, “एवढंसं तर आहे. चिकटवून टाका.”

त्या हसण्याने म्हातारा पार कामातून गेला. उभा जन्म चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचललेल्या या माणसाने दुसऱ्याच दिवशी हातोडी घेतली आणि अख्खी भिंत सोलून काढली. मग हातोडी पिठाच्या डब्यामागे दडवली, अंगावरची धूळ झटकली आणि शेजारचं दार वाजवलं.

“सगळ्याच सुटल्या हो, बाई,” तोंड एवढंसं करून ते म्हणाले. “आता मला कुठलं कळतंय त्यातलं? तुम्ही जरा चला ना बरोबर.”

बाईंनी त्यांच्या भुवईवरच्या पांढऱ्या धुळीकडे बघितलं आणि चपला घातल्या.

तेव्हापासून घड्याळवाले हवेत होते. रोज दाढी, रोज इस्त्रीचा सदरा. विचारायचं ते मात्र राहूनच जायचं. “बाई, मला तुम्हाला एक…” अशी जोरात सुरुवात करायचे आणि “यात जरा फिकट रंग मिळेल का?” असा शेवट व्हायचा.

काच नाकारून दोघं घरी आली, तर गवंडी ओट्यावर बसून होता. थापी त्याने पिशवीत भरली होती.

“काका, उद्यापासून माझं दुसरं काम सुरू होतंय. आज काय ते सांगा. नाहीतर मी गिलावा करून, चुना मारून मोकळा होतो.”

घड्याळवाल्यांनी ओट्याकडे बघितलं. इतके दिवस आणलेले नमुने ओट्यावर ओळीने उभे होते. बाई एकेकाला हात लावत पुढे सरकत होत्या. आता कुठल्याही क्षणी त्या एकावर बोट ठेवणार, आणि मग पुन्हा पेपर आला का, आला.

“लावल्यावर तुम्ही यायच्या बंद व्हाल,” ते एकदम बोलून गेले.

बाईंचा हात थांबला. गवंड्याने छताकडे बघायला सुरुवात केली. घड्याळवाल्यांचे कान लालबुंद झाले, पण तोंडातून बाहेर पडलेलं आत घेता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते घ्यायचंही नव्हतं.

बाईंनी उघड्या विटांवर बोटांनी टकटक केलं.

“दादा, या भिंतीवर छताचा भार आहे का हो?”

“छे! ही नुसती आडोशाला. मूळ घर एकच होतं, बाई. मालकाने मध्ये ही भिंत घातली आणि दोन घरं करून विकली. पलीकडे तुमचंच स्वयंपाकघर की.”

“ते मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “या भिंतीवर माझी फळी होती.”

चोराच्या मनात चांदणं. घड्याळवाल्यांची नजर आपसूक पिठाच्या डब्याकडे गेली. बाई तिकडेच वळल्या, वाकल्या आणि डब्यामागून हातोडी काढून उभ्या राहिल्या.

“तुम्ही इकडून ठोकत होतात, तेव्हा माझी मिठाची बरणी साखरेच्या डब्यात पडली. कितीतरी दिवस खारट चहा पीत होते मी.”

“तुम्हाला पहिल्यापासून…? मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते,” बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचेही कान लाल झाले होते. “दादा, काच नको, दगड नको, काही लावू नका.”

मग त्यांनी हातोडी घड्याळवाल्यांच्या हातात दिली.

“सुरुवात केलीच आहे, तर आता माझ्या ओट्यापर्यंत पोचल्याशिवाय थांबू नका.”