अपुरा आरसा

मागील पडवीत पिंपावर ठेवलेल्या काचेवर दिगंबररावांचा हातमोजा घातलेला हात संथपणे फिरत होता. मधूनच तो आपोआप वर जाई आणि कपाळावरील बट मागे सारी. वास्तविक दिगंबररावांना पूर्ण टक्कल होते.

“आईची खोड काही गेली नाही,” कन्या शर्वाणी म्हणाली.

दिवंगतांच्या हातांचे वळण साठविलेले असे हातमोजे, त्यांचे अपुरे काम पूर्ण होईपर्यंतच घरी ठेवता येत. कुमुदिनीबाईंनी अर्ध्यावर सोडलेला दुर्बिणीचा आरसा आज पूर्णत्वास गेला होता.

शर्वाणीने वक्रता तपासली. “अचूक झालाय, अण्णा. दुपारी हातमोजा न्यायला माणूस येतोय.”

“आधी चहा टाक.”

ती आत जाताच दिगंबररावांनी कित्येक महिने बंद असलेली, सुरुवातीला काच घासण्याच्या जाड भुकटीची डबी उघडली आणि चिमूटभर भुकटी त्या निर्मळ काचेवर टाकली. हात क्षणभर थबकला. मग त्याने बट मागे सारली आणि पहिल्यापासून घासण्यास आरंभ केला.

ती करकर स्वयंपाकघरात पोहोचली. शर्वाणीने आधण उतरवले व फोन लावला.

“आज येऊ नका,” ती म्हणाली. “आईचं काम अजून राहिलंय.”