समुद्रावरचा रविवार

घर चिडीचूप असताना गुढीचा तांब्या खणकन फरशीवर पडला. पाडव्याच्या गुढीला साखरेची गाठी नाही म्हणून उदयसिंहाने काठी हिसकली होती.

“अहो, चेन्नईत कुठे शोधू गाठी?” देवयानी म्हणाली.

त्याने तीच काठी मोडेपर्यंत तिच्या पाठीत घातली. मग घाम पुसत म्हणाला, “आवर. इथल्या जवळच्या कोवलमच्या समुद्रावर जाऊ. आईला सणाचे फोटो पाठवायचेत.”

तिथे त्याने मायलेकींना तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी घेऊन दिल्या, हसायला लावून फोटो काढले. पाच वर्षांची रेवा लाटांत नाचून आली आणि आईच्या पाठीवर झेपावली. देवयानीने ओठ घट्ट मिटले.

“आई,” रेवा कानाशी कुजबुजली, “मागच्या रविवारी बाबांनी मारलं नाही, तर आपण घरीच बसलो. पुढच्या रविवारी मारतील ना गं?”