झोपमोड

शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत रात्रपाळी करून खंडेराव सकाळी पुंडलिकनगरातल्या खोलीवर येऊन आडवा व्हायचा. पण समोरच्या हॉलमध्ये व्हिडिओ कलेचं प्रदर्शन लागलं आणि त्याच्या झोपेची माती झाली. विषय होता शहरातल्या गोंगाटानं पिचलेला माणूस. पडद्यावर सिग्नलला तुंबलेल्या रिक्षा, आणि भल्यामोठ्या स्पीकरवर दिवसभर त्यांचे हॉर्न. बघणारे ‘किती खरंय’ म्हणत बाहेर पडत आणि हॉर्न दाबतच गाडी काढत. खंडेरावला शिसारी आली.

शेवटी बनियनवरच तो तिथं गेला. “साहेब, पाया पडतो, आवाज कमी करा. लई दिस झाले, डोळ्याला डोळा लागला नाय.”

हे ऐकून कलाकार हिमांशू हरखलाच. लगेच मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरून म्हणाला, “काका, हेच पुन्हा एकदा बोला ना. अगदी असंच, मनापासून.” खंडेरावला त्याचं तोंड बघवेना, पण झोपेसाठी तो पुन्हा बोलला.


दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंग टाकलं, तोच सगळ्या हॉर्नच्या वरताण त्याचाच आवाज स्पीकरमधून आला, “साहेब, पाया पडतो, आवाज कमी करा.”