चोवीसपट लहान

मोटारीवर मारलेला लाल रंग सुकता सुकता पांढुरका पडला आणि किशोरीला हायसं वाटलं.

"ह्या काय झाला गो?" सासऱ्यांनी, दत्तारामांनी, चष्मा कपाळावर सारला. त्यांच्या तळहातावर प्लास्टिकची मोटार होती. तिच्या टपावर साय धरल्यासारखा धुरकटपणा आला होता.

"हवा दमट आसा, बाबा. पावसात असो रंग मारलो की पांढरो पडता. सगळो उतरवूक लागतलो."

हे तिला आधीच ठाऊक होतं. म्हणूनच आठवडाभर टाळलेला स्प्रे तिने नेमका धो धो पावसाच्या दुपारी काढला होता.

मॉडेलचा नाद तिच्या नवऱ्याला, देवेशला. घरच्या लाल गाडीचंच हे मॉडेल, खऱ्याहून चोवीसपट लहान, त्याने मुंबईहून मागवलं होतं. खरी गाडी गेल्या श्रावणात, घरापासून जवळच्याच वळणावर, आचऱ्याच्या रस्त्यावरच्या वडावर आदळली. देवेश जागीच गेला. मॉडेल अर्धं राहिलं. ते पुरं करून वर्षश्राद्धाला त्याच्या फोटोपुढे ठेवायचं, असं दत्तारामांनी मनावर घेतलं होतं. जन्मभर त्यांनी होड्यांवर नावं रंगवली. मोटारीशी त्यांचा संबंध हॉर्न ऐकून रस्त्याच्या कडेला होण्यापुरता. पण हात रंगाऱ्याचा, आणि शिकवायला सून घरात. देवेशच्या शेजारी बसून चिमटे नि ब्रश पुढे करता करता किशोरीला सगळं येत होतं.

येत होतं, हीच तिची पंचाईत. कारण त्या दिवशी गाडी ती चालवत होती.

तिच्याकडे शिकाऊ लायसन्स, आणि शेजारी शिकवायला देवेश. शुद्ध आली ती ओरोसच्या इस्पितळात. तोवर देवेश भरधाव चालवत होता, हे गावाने ठरवून टाकलं होतं. सहा फुटी नवरा बाजूला बसवून नवी सून गाडी हाकेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गाव कधी नव्हे ते तिच्या उपयोगी पडलं. तिने नाही म्हटलं नाही. आपल्याला गाडीतून बाहेर कोणी काढलं, हेही कधी विचारलं नाही. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं.

त्या एका खोट्याचं व्याज मात्र ती रोज जेवणाच्या पानावर भरत होती.

"माझ्या झिलान तुका मारल्यान असता गो," सासूबाई रुक्मिणी भात वाढता वाढता म्हणायच्या. "माफ कर तेका. लहानपणापासून तो असोच, बेफिकीर."

किशोरी भात कालवत राहायची. खरं सांगितलं तर हे घर जाणार; आणि बांद्याचं माहेर, आई गेल्यापासून, नावापुरतंच उरलेलं.

दत्ताराम हटणारे नव्हते. त्यांनी जुन्या टूथब्रशने रंग खरवडून काढला. तांदळाच्या रिकाम्या डब्यात बल्ब लावून गाडी कोरडी राखली. किशोरीने बारीक चिमटा लपवला, तर बायकोचा काटा काढायचा चिमटा घेऊन ते बसले. डिंकाची बाटली तिने उघडी ठेवून वाळवली, तर मालवणहून दुसरी आली. दारांच्या फटींत काळा पातळ रंग सोडायला ते शिकले, पॉलिशच्या कागदाने टप आरशासारखा करायला शिकले. लाल रंगाचा दुसरा हात असा बसला की देवेशनेही मान डोलवली असती.

"आता आतला काम," ते म्हणाले. "आत सगळा होता तसाच व्हया. पोलिसांनी काढलेले फोटो आसत माझ्याकडे."

 ते फोटो किशोरीने पाहिले नव्हते, पण त्यांत काय असणार ते तिला माहीत होतं. ती जेमतेम पाच फूट. क्लचला पाय पोचावा म्हणून ड्रायव्हरची सीट तिने पार पुढे ओढली होती. मॉडेलच्या सीटखालच्या खुंट्या देवेशने कापून टाकल्या होत्या, हवी तिथे चिकटवता यावी म्हणून. आता ती कुठे चिकटवायची, हे सांगायला फोटो बसले होते.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी तिघं पडवीत बसली होती. रुक्मिणीबाई चवळीच्या शेंगा मोडत होत्या. दत्तारामांनी फोटो असलेला मोबाइल पालथा ठेवला आणि सीट किशोरीपुढे सरकवली.

"तूच चिकटव. माझो हात कापता."

हा हात कधी थरथरलेला किशोरीने पाहिला नव्हता. म्हणजे हे तपासणंच होतं.

"उद्या भटाक सांगतलंय," रुक्मिणीबाई मध्येच म्हणाल्या, "माझ्या झिलाचा ह्या पाप फिटांदे म्हणान. दुसऱ्याच्या चेडवाचो जीव घेवक निघालो होतो तो."

किशोरीने ब्रश डिंकात बुडवला. आणखी एक दिवस हे ऐकणं तिला झेपणार नव्हतं. तिने चिमट्याने सीट उचलली आणि पार पुढे, स्टिअरिंगला टेकेल अशी बसवली. मग बोटाने दाबून धरली.

रुक्मिणीबाई वाकून बघू लागल्या. "इतकी पुढे? देवेशाचे गुडघे खंय मावतले गो?"

"आई, त्या दिवशी गाडी..." किशोरीने सुरुवात केली.

"सीट लावताना चुकला तेचा," दत्ताराम मध्येच म्हणाले. "आणि तू काय बघत बसलंस गो? चाय ठेव. माझो घसो सुकलो."

"ह्यांका कधीय चाय व्हयी," पुटपुटत रुक्मिणीबाई सुपातल्या शेंगा घेऊन आत गेल्या.

किशोरी म्हणाली, "चुकला नाय, बाबा."

दत्तारामांनी तिचं बोट हळूच बाजूला केलं. डिंक अजून ओला होता. काडीच्या टोकाने त्यांनी सीट मागे ढकलली, आणखी मागे, मागच्या बाकाला लागेपर्यंत. वर न बघता, आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले,

"त्या दिवशीय, तुमका दोघांक भायर काढल्यावर, लोक जमूच्या आदी, मीच ती मागे सारललंय."