कोणाच्या नावावर

बाबांनी पेजेची वाटी भिरकावली आणि रेवती तिथंच फरशीवर बसून राहिली. सांडलेलं पुसायचंही तिला सुचेना.

बाबांना विस्मरणाचा आजार जडला, तेव्हा टोरांटोच्या शिरीषदादानं तिघा भावंडांसाठी ऑनलाइन बोर्ड बनवला होता. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि जो ते काम करील त्याचं नाव त्यावर. अंघोळ, औषधं, डायपर, रात्रीचं जागरण... सगळ्या कार्डांवर रेवतीचंच नाव होतं. दादा टोरांटोहून शाबासकीचे अंगठे टाकायचा. हैदराबादची धाकटी नीलिमा तर कधी काही लिहीतही नसे.

आज रेवतीनं नवं कार्ड लिहिलं, 'मला आता जमत नाही.'

लगेच खाली दादाचा प्रश्न आला, 'नक्की कोणतं काम? स्पष्ट लिही.'

तिचा बांध फुटला. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून ओढणी तोंडात कोंबून ती रडत राहिली. तेवढ्यात त्या कार्डावर नाव उमटलं, नीलिमा. पाठोपाठ फोनही वाजला.

"ताई, उद्या पोचते मी. बाबा मला ओळखणार नाहीत, या भीतीनं येत नव्हते गं."

रेवतीनं डोळे पुसले.

"मलाही नाही ओळखत ते. तू ये."